ओटे कापणाऱ्याचा खोकला: टीबी की सिलिकोसिस?

ताई, भावाचा खोकला टीबीच्या औषधांनी का जात नाही, या तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे: भाऊ नवी मुंबईत घणसोली-ऐरोलीच्या नव्या इमारतींमध्ये स्वयंपाकघराचे दगडी ओटे कापून बसवतो. आठ महिने खोकला, जिना चढताना दम, एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके, थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, चार महिने टीबीची औषधं आणि तरीही उतार नाही. हे सगळं डॉक्टरांना माहीत आहे. पण ओट्यांचं माहीत आहे का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत डॉक्टर म्हणून काम करताना केसपेपरवर धंद्यापुढे नुसतं 'मजुरी' लिहिलेलं मी वारंवार पाहिलंय. तिथेच निदान अडकतं.

दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसांत साचून होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो ठरवताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सिलिकाची पुरेशी धूळ छातीत गेल्याचा इतिहास, एक्स-रेवरचं त्याला साजेसं चित्र, आणि तसंच दिसणारा दुसरा आजार नसल्याची खात्री. या तिन्ही जुळल्या तर बहुतेक वेळा फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासायची गरज पडत नाही. यातली पहिली गोष्ट कुठल्याच मशीनमध्ये दिसत नाही. ती तुम्हालाच कागदावर लिहून न्यावी लागेल.

आज रात्री भावाला घेऊन बसा आणि तो पहिल्यांदा कामाला लागला तेव्हापासून साल धरून लिहा. कुठे काम केलं, कुठला दगड कापला, कटर सुका चालवला की पाणी सोडून, बंद खोलीत की गच्चीवर, तोंडाला रुमाल होता की खरा मास्क, सोबतच्या कारागिरांपैकी कोणाला असाच दम लागतो का. गावाकडे खडी क्रशरवर किंवा विहीर फोडायला गेला असेल तर तेही लिहा. दगडाचं नाव नक्की विचारा, कारण तिथे फार फरक पडतो. आपल्या पारसिक डोंगराच्या काळ्या दगडात मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकेचे स्फटिक, कमी असतो, ग्रॅनाइटमध्ये साधारण 30 टक्क्यांच्या आसपास, आणि हल्ली ओट्यांना वापरतात त्या कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये 90 टक्क्यांच्याही वर सिलिका असू शकते. या लाद्या कापून तरुण कारागीर इतके आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यांच्यावर बंदी घातली. नेहमीचा सिलिकोसिस दिसायला दहा वर्षं किंवा जास्त लागतात. धूळ एवढी दाट असली की पाच वर्षांतही दिसतो. त्यामुळे 'वय फक्त 34' या उत्तरावर थांबू नका.

भावाला अजून एक विचारा: सुट्टीत गावी गेल्यावर दम कमी होतो का? कामावर वाढणारा आणि सुट्टीत उतरणारा त्रास असेल तर धुळीमुळे होणाऱ्या दम्याचाही विचार करावा लागतो. सिलिकोसिसचा दम सुट्टीने हलत नाही.

टीबीची औषधं मात्र मनाने बंद करू नका. सिलिका फुफ्फुसांत बसली की टीबी होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो आणि दोन्ही आजार एकत्रही असतात. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) झाली आहे का ते विचारा. कल्चरला काही आठवडे लागतात, पण त्याशिवाय टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. मग छातीचा एचआरसीटी (बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजणं). स्पायरोमेट्री नॉर्मल आली तर लगेच निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला ती नॉर्मलच असू शकते. एक्स-रे अशा डॉक्टरांनी वाचावा ज्यांना आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) प्रमाण फिल्मशी ताडून बघायची सवय आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात छातीरोग विभागाला दाखवा. धंद्याच्या आजारांबद्दल सल्ल्यासाठी शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चौकशी करा.

कागदांचं आत्ताच बघा. भावाचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर सिलिकोसिस हा त्या कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे आणि भरपाईचा दावा करता येतो. कारखान्यातला कामगार असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक आहे; आधी हे कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 89 मध्ये होतं, नोव्हेंबर 2025 पासून ते व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये आहे. साइटवर ठेकेदाराच्या हाताखाली काम असेल तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. मजुरीचे हिशेब, यूपीआयच्या नोंदी, साइटवरचे फोटो, काही टाकू नका.

निदान व्हायची वाट न बघता सुका कटर आजपासून बंद. झालेली इजा कुठल्याही औषधाने भरून निघत नाही, आणि काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो, म्हणून एक एक महिना मोलाचा आहे. घर चालवायचं असतं हे मला कळतं, तरी हे मी ठामपणे सांगतोय. अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन श्वास लागला तर फुफ्फुसाभोवती हवा भरलेली असू शकते. तेव्हा किंवा खोकल्यातून रक्त आलं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की हा दगड कापतो.