कीबोर्ड पहिल्यांदाच साफ करतोय? आधी हे वाच

घाबरू नको भो, जळगावच्या उन्हाळ्यातली धूळ अन् केळीच्या वेफर्सचा चुरा सगळ्यांच्याच कीबोर्डात निघतो.

आधी वायर काढ अन् बटणं काढणार असशील तर मोबाइलवर त्यांचा फोटो घेऊन ठेव, मी नव्हता घेतला तर परत लावताना एन अन् एम एकमेकांच्या जागी बसले, दोन दिवस पासवर्ड चुकत होता. मग उलटा धरून हळूच चापट्या मार, फटीत कोरडा ब्रश फिरव.

- चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल (लगेच उडून जाणारं सफाईचं द्रव), पण कापडावर घेऊन, डायरेक्ट ओतायचं नाही
- काढलेली बटणं साबणाच्या कोमट पाण्यात चालतात, रात्रभर वाळू दे

स्पेसबारखाली तार असते, तो सध्या राहू दे. लॅपटॉपची बटणं तर उपसूच नको, क्लिपा लगेच तुटतात.