मालिकेचा शेवटचा भाग समाधानकारक कशामुळे वाटतो?

सगळे धागे जुळले म्हणून नव्हे, मुख्य पात्राचा हिशेब चुकता झाला म्हणून. 'ब्रेकिंग बॅड'चा शेवट (२०१३) घ्या. ड्रग्ज बनवणाऱ्या वॉल्टरचं पाच सीझन एकच पालुपद: घरच्यांसाठी करतोय. शेवटच्या भागात मात्र बायकोसमोर, स्कायलरसमोर उभा राहून तो कबूल करतो, की हे स्वतःसाठीच केलं, आवडत होतं म्हणून. गोळीबार नंतर होतो, पण माझ्या मते मालिका तिथेच संपते.

'गेम ऑफ थ्रोन्स' (२०१९) नेमकं इथे फसलं. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसचं बिथरणं मुळात पटण्यासारखं होतं, पण पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे आणि शेवटचा फक्त सहाचा! नुसतं उरकलं. आपल्याकडे तर टीआरपी घसरला की खलनायिका रातोरात सुधारते.