अर्धवाहकातलं 'अर्ध' कशाचं?

प्रश्न असा आहे: "मुलीच्या शिकवणीत सांगितलं की सिलिकॉनच्या बाहेरच्या कवचात आठाच्या निम्मे, म्हणजे चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्याला अर्धवाहक (सेमीकंडक्टर) म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि शब्द अर्धवाहक की अर्धसंवाहक?" सोबत एका संस्कृतज्ञ परिचितांचं मतही जोडलं आहे. इंग्रजीतला 'सेमी' हा आपल्या 'सम'चा अपभ्रंश, तेव्हा खरा शब्द 'समवाहक', असं ते म्हणतात.

दोन्ही चूक. संस्कृतज्ञांकडे नंतर येतो, आधी ते आठाचे अर्धे. ही व्युत्पत्ती मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्यानं 'आठ' म्हटलं की पुढचं वाक्य मीच पुरं करतो. ऐकायला सुबक आहे, फळ्यावर चटकन मांडता येते, मुलांच्या लक्षात राहते. फक्त खरी नाही.

वाहक म्हणजे वाहून नेणारा, सुवाहक म्हणजे ते काम चांगलं करणारा, दुर्वाहक म्हणजे ते जवळजवळ न करणारा. यावर वेळ घालवत नाही. 'अर्ध' बघू.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी विजेच्या संदर्भात 'अर्ध वाहून नेणारे' अशा अर्थाचा शब्द १७८२ मध्ये वापरला. इलेक्ट्रॉन हे नाव स्टोनी यांनी सुचवलं १८९१ मध्ये आणि तो कण थॉमसन यांना सापडला १८९७ मध्ये. (बारसं आधी आणि जन्म नंतर, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं.) बाहेरच्या कवचातल्या आठांची, म्हणजे अष्टकाची कल्पना तर १९१६ च्या आसपासची. म्हणजे 'अर्धवाहक' ही कल्पना इलेक्ट्रॉनच्या बारशाला जेवलेली आहे. तिला त्याच्या कवचातल्या संख्येवरून नाव कसं मिळेल?

इतिहास नको असेल तर मूलद्रव्यांनाच विचारा. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसं या सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात चारच इलेक्ट्रॉन. त्यातला कार्बन हिऱ्याच्या रूपात पक्का दुर्वाहक आणि ग्राफाइटच्या रूपात बऱ्यापैकी वाहक. शिसं सरळसरळ धातू. उलट सेलेनियमच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन, तरी तो अर्धवाहक. चाराचा नियम स्वतःच्या घरातही चालत नाही आणि शेजाऱ्याकडेही नाही.

गोम अशी की सुट्या अणूचं कवच मोजून घन पदार्थाचा स्वभाव पुरता कळत नाही. अणू एकमेकांना खेटून स्फटिकात बसले की प्रत्येकाच्या ऊर्जापातळ्या मिसळतात आणि त्यांचे रुंद पट्टे होतात. खालच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन ठासून भरलेले असतात, त्यांना हलायला जागा नसते. वरचा पट्टा रिकामा असतो, तिथे पोचलेल्याला रान मोकळं. मधे ऊर्जेची दरी. हिऱ्यात ती सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एक माप), सिलिकॉनमध्ये १.१, जर्मेनियममध्ये ०.६७. तांब्यात अशी अडवणारी दरीच नाही. त्याच्या २९ इलेक्ट्रॉनांपैकी २८ जण २, ८, १८ असे आतल्या कवचांत बसतात आणि उरलेला एक अख्ख्या तुकड्याच्या मालकीचा होतो. सगळा फरक दरीच्या रुंदीचा आहे.

बरं, निदान वाहण्याच्या बाबतीत तरी सिलिकॉन 'अर्धा' आहे का? तांब्यात साधारण प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. शुद्ध सिलिकॉनमध्ये, खोलीच्या तापमानाला, पाच लाख कोटी अणूंमागे एक. हे जर अर्धं असेल तर माझी अर्धी मिळकत मला कुणी न दिलेलीच बरी! शिवाय हे प्रमाणही ठरलेलं नाही. सिलिकॉन तापवा, आणखी इलेक्ट्रॉन दरी ओलांडतात आणि वीज जास्त सहज जाते. तांबं तापवा, तर अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनांना आडवे येतात आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. तापल्यावर उलटं वागण्याची ही खोड फॅरडेंनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपली होती. आणि दहा लाख सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला की त्याचा पाचवा, बंधात न अडकलेला इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि मोकळ्यांची संख्या एकदम पन्नास लाख पटींच्या घरात जाते. तेव्हा अर्ध म्हणजे कुठल्या तापमानाचं अर्ध आणि किती भेसळीचं अर्ध?

एक गोष्ट मात्र विरोधी पक्षाच्या बाजूनं सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी ती माझ्यावर फेकेलच. काचेची रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याची क्षमता, तांब्याच्या अदमासे १ वर २० शून्यं इतक्या पट असते; काचेच्या प्रकारानुसार शून्यं थोडी कमीजास्त होतात. शुद्ध सिलिकॉनची तांब्याच्या १ वर ११ शून्यं इतक्या पट. म्हणजे शून्यं मोजली तर सिलिकॉन जवळजवळ मधोमध उभा आहे. पण शून्यांचं अर्ध म्हणजे पटींचं अर्ध नव्हे, आणि १७८२ मध्ये ही शून्यं कुणी मोजलेली नव्हती.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं तिकडे वळतो.

आपल्या भाषेत 'अर्ध' दोन कामं करतो. एक मोजणीचं. हे काम तो इतक्या गुपचूप करतो की ओळखूही येत नाही. 'अडीच'मध्ये तो दडलेला आहे: अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, त्याचं प्राकृतात अड्ढाइज्ज आणि मराठीत अडीच. 'दीड'मध्ये आहे, प्राकृतातल्या दिवड्ढमधून. 'औट'मध्येही आहे: अर्धचतुर्थ, अद्धुट्ठ, औट, म्हणजे साडेतीन. औट घटकेचा राजा म्हणताना आपण 'थोडा वेळ' एवढंच समजतो, पण हिशेब चोख आहे. साडेतीन घटका, ८४ मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

दुसरं काम न मोजण्याचं. अर्धवट, अर्धपोटी, अर्धोन्मीलित. अर्धपोटी उठलेल्याच्या पोटाला कुणी पट्टी लावत नाही. इथे 'अर्ध' म्हणजे अपुरं, पुरतं न झालेलं.

पाणिनीला हा भेद ठाऊक होता, नुसता ठाऊक नव्हता तर त्यासाठी त्यानं एक सूत्र खर्ची घातलं: 'अर्धं नपुंसकम्'. नपुंसकलिंगी अर्ध म्हणजे तंतोतंत समान भाग. त्याचा समास होतो तेव्हा 'अर्धपिप्पली' म्हणजे पिंपळीचा बरोबर अर्धा तुकडा. तसा समान भाग अभिप्रेत नसेल तर 'ग्रामार्ध', म्हणजे गावाचा काही एक भाग. हा नियम अर्धवाहकाला लावून बघा. अर्धपिप्पली म्हणजे पिंपळीचा अर्धा भाग, तर अर्धवाहक म्हणजे वाहकाचा अर्धा भाग! तांब्याची तार घ्या, मधोमध तोडा, हातात राहील तो तुकडा पाणिनीच्या हिशेबानं अर्धवाहक.

मग हवा कुठला शब्द? 'सामि'. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला नसतो आणि तो सांगताना मला जो आनंद होतो तो लपवत नाही. संस्कृतात 'सामि' म्हणजे अर्धं, अपुरं, पुरं न झालेलं. सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं, सामिपीत म्हणजे अर्धवट प्यायलेलं, सामिभुक्त म्हणजे अर्धवट खाल्लेलं. पाणिनीनं याला स्वतंत्र सूत्र दिलं आहे आणि त्या सूत्रात शब्द एकच: 'सामि'. आणि हा सामि लॅटिनमधल्या 'सेमी'चा सख्खा भाऊ. ग्रीकमधला 'हेमी' तिसरा. ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा 'ह' होतो. आपल्या सप्तचा तिकडे हेप्ता होतो, तसाच हा. फारसीचीही तीच खोड, म्हणून आपण सप्ताहही पाळतो आणि हप्ताही भरतो, दोन्हींत तोच सात आहे. म्हणजे ज्या शब्दाचं भाषांतर करायला परिभाषाकार 'अर्ध' शोधत गेले, त्याचा सख्खा भाऊ घरातच बसला होता. सामिवाहक! अर्थ नेमका तोच, अपुरा वाहक, आणि निम्म्याचा घोळ नाही. कुणी आठाला दोनानं भागायला बसणार नाही.

संस्कृतज्ञ आता म्हणतील की सामिचा समास त्या सूत्रानं फक्त कृत, पीत, भुक्त अशा रूपांशी होतो, 'वाहक'शी नाही. ठाऊक आहे मला. पण जे गृहस्थ सेमीला समचा अपभ्रंश म्हणतात त्यांनी मला सूत्र दाखवू नये. एक तर लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण. बहिणीच्या घरातली वस्तू दिसली की ती आपल्याकडून चोरली म्हणून आरडाओरडा करायचा नसतो. दुसरं, 'सम'चे जवळचे नातलग इंग्रजीतला 'सेम' आणि ग्रीकमधला 'होमो'. आणि तिसरं, समवाहक म्हणजे काय? सगळीकडे सारखंच वाहून नेणारा? अर्धवाहकाची सगळी करामतच मुळी असमानतेत आहे. एका बाजूला फॉस्फरस मिसळलेला भाग, दुसऱ्या बाजूला बोरॉन मिसळलेला, आणि त्यांच्या सांध्यातून वीज एका दिशेला सहज जाते, उलट दिशेला अडते. त्याला 'सम' म्हणणं म्हणजे आंधळ्याचं नाव नयनसुख. आणि मराठीत समास करताना आपण पाणिनीची लेखी परवानगी कधीपासून घ्यायला लागलो?

याच न्यायानं अतिवाहकाचंही (सुपरकंडक्टरचं) बघता येईल. १९११ मध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध नाहीसा झाला. या प्रकाराच्या नावातला 'सुपर' म्हणजे आपला 'उपरि'. ग्रीकमधला 'हायपर'ही तोच. तेव्हा उपरिवाहक. पण हा आग्रह मी धरत नाही, कारण मराठी कानाला तो उपरा वाहक ऐकू येईल.

हिंदीत अर्धचालक म्हणतात. त्यांच्याकडे ते ठीक आहे. मराठीत मात्र बसचा चालक वेगळा आणि वाहक वेगळा, त्यामुळे अर्धचालक म्हटलं की एक हात सुकाणूवरून काढलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हल्ली मराठी मजकुरात हा शब्द घुसायला लागला आहे, अणुऊर्जेऐवजी 'परमाणू ऊर्जा' घुसली तसाच. हिंदीत परमाणु म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. उसनं घेताना निदान माप तरी एक आहे का ते बघावं.

आणि अर्धसंवाहक. मराठी विश्वकोशात हाच शब्द आहे, म्हणून अनेकांना तो जास्त शास्त्रीय वाटतो. 'सं' लावला की शब्दाला आपोआप झब्बा-उपरणं चढतं. पण संस्कृतात संवाहन म्हणजे अंग चेपणं. मृच्छकटिकात एक संवाहक आहे, जुगारात हरलेला, वसंतसेनेनं सोडवलेला, पुढे भिक्षू झालेला. त्याचा धंदा अंग चेपून देण्याचा. त्या अर्थानं अर्धसंवाहक म्हणजे डावा पाय चेपून उजवा तसाच सोडून निघून गेलेला गडी. कोशकार म्हणतील की परिभाषेत अर्थ ठरवून घेता येतो. येतो ना. पण मोकळा, स्वच्छ 'वाहक' हाताशी असताना त्याला चेपायला कशाला बसवायचं?

तेव्हा मुलीनं उत्तरपत्रिकेत अर्धवाहकच लिहावं, सामिवाहक लिहून माझ्यापायी गुण घालवू नयेत. आणि शिकवणीत पुन्हा आठाचे अर्धे निघाले, तर तिनं शांतपणे विचारावं: मग शिसं?