आयव्हरमेक्टिनने नदी-अंधत्वाचे जंत मरतात, मग आफ्रिकेत ते 10-15 वर्षं का वाटावं लागतं?

कारण ते मोठे जंत मारत नाही, त्यांची पिल्लं मारतं. या जंताची, म्हणजे ऑन्कोसर्काची, मादी कातडीखालच्या गाठीत 10 ते 15 वर्षं जगते आणि रोज शेकडो पिल्लं सोडते. खाज आणि डोळ्यांची इजा या पिल्लांमुळेच. एका डोसने कातडीतली बहुतेक पिल्लं संपतात, मादीही काही महिने थंडावते, पण पुन्हा सुरू होते. म्हणून ती मरेपर्यंत वर्षातून एकदा-दोनदा डोस. गावात वजनकाटा लागत नाही, गावचेच स्वयंसेवक उंचीच्या काठीवर 3 मिग्रॅच्या गोळ्या ठरवतात:

- 90-119 सेंमी: 1
- 120-140: 2
- 141-158: 3
- त्याहून उंच: 4

90 सेंमीखालची मुलं, गरोदर बायका, पहिल्या आठवड्यातल्या बाळंतिणी आणि फार आजारी माणसं वगळतात. घोटाळा होतो तो दरवर्षी गोळी टाळणाऱ्या त्याच त्या माणसांमुळे: रोग पसरवणारी काळी माशी त्यांना चावते आणि साखळी चालू राहते. नायजर जानेवारी 2025 मध्ये रोगमुक्त ठरलेला आफ्रिकेतला पहिला देश, पण तिथे 1976 ते 1989 नद्यांत काळ्या माशीच्या अळ्या मारणारी फवारणीही झाली होती.

मात्र कॅमेरून, काँगोसारख्या मध्य आफ्रिकी भागात हे सरसकट चालत नाही. रक्तात लोआ लोआ या दुसऱ्या जंताची पिल्लं मिलिलिटरला 30,000 च्या वर असतील, तर याच गोळीने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तिथे काही ठिकाणी आधी रक्त तपासतात. काहींना सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात.