लंडनवाले 'हॅव अ बुचर्स' म्हणतात ते काय? कॉकनी ऱ्हाइमिंग स्लँग, म्हणजे लंडनची ही यमकांची बोली, आली कुठून?

'बुचर्स हुक' म्हणजे खाटकाचा आकडा. 'हुक'चं यमक 'लुक'शी जुळतं, म्हणून अर्थ झाला 'जरा बघ तरी'. पण बोलताना नेमका यमकाचा 'हुक'च गाळतात. सगळी गोम इथेच आहे, ऐकणाऱ्याच्या हाती नुसता खाटीक उरतो! 'चायना प्लेट' म्हणजे 'मेट', दोस्त. कानावर पडतं फक्त 'चायना'. 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे 'हेड', म्हणून 'यूझ युअर लोफ' म्हणजे डोकं चालव. सगळ्यांचंच शेपूट कापतात असं नाही. फोनला 'डॉग अँड बोन' अख्खंच म्हणतात.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'ॲरिस'. 'बॉटल अँड ग्लास'चं यमक 'आर्स'शी, म्हणजे ढुंगणाशी. त्याचं झालं नुसतं 'बॉटल'. मग 'बॉटल'ला यमक म्हणून आला 'ॲरिस्टॉटल', आणि त्यालाही कापून केला 'ॲरिस'. बिचारा तत्त्वज्ञ कुठे जाऊन बसला बघा! आपली खैबरखिंडही ('खायबर पास') याच अवयवाच्या वाट्याला आली आहे.

आता उगम. ही बोली लंडनच्या ईस्ट एंडची, साधारण 1840 च्या दशकातली. चीपसाइडच्या सेंट मेरी-ले-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील तिथे जन्मला तो अस्सल कॉकनी, असं मानतात. पोलिसांना कळू नये म्हणून चोरांनी ती काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती जरा फिल्मी वाटते. जॉन कॅम्डन हॉटनने 1859 च्या आपल्या स्लँग-कोशात हे शब्द दिले, तेव्हा त्यांचं श्रेय रस्त्यावर गाणी म्हणत, बडबड करत माल खपवणाऱ्यांना दिलं होतं. तोंडाळ माणसांची गंमत, आणि गिऱ्हाइकासमोर आपसात बोलायची सोय, एवढंच मूळ असावं. त्याच बाजारातले भाजीवाले शब्द उलटे करूनही बोलत. आपल्या 'च'च्या भाषेसारखंच. 'बॉय'चा 'यॉब' तिथलाच.

भर अजून पडतेच आहे. 1950 च्या दशकात गाजलेली बेलफास्टची गायिका रूबी मरे, तिच्या आडनावाचं यमक 'करी'शी जुळतं, म्हणून करी झाली 'रूबी'. दहा पौंडांची नोट, म्हणजे 'टेनर', झाली 'आयर्टन सेना', ब्राझीलच्या रेसिंग ड्रायव्हरच्या नावावरून.

एक मात्र सांभाळा. 'बर्क' हा शब्द मूर्ख या अर्थाने सर्रास ऐकाल. तो 'बर्कली हंट'वरून आलाय, आणि 'हंट'चं यमक कशाशी जुळतं ते इथे लिहीत नाही. ऑफिसात तरी वापरू नका.