चिडका स्वभाव की शिशाची बाधा?

प्रश्न : माझे यजमान २२ वर्षं रंगकाम करतात. गेले तीन महिने एका जुन्या इमारतीच्या दारं-खिडक्यांचा रंग खरवडायचं काम चालू आहे. मूळचा शांत माणूस, पण हल्ली साध्या बोलण्यावरही खेकसतात. परवा मुलीनं पेन मागितलं तर टेबलच ढकलून दिलं. हिशेब चुकतात, झोप नाही, पोटही दुखतं. मानसोपचार करावेत का?

उत्तर : ताई, पोटदुखी तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत, माझी नजर मात्र आधी तिच्यावर गेली. नुसती चिडचिड असती तर मीही ताण म्हणून सोडून दिली असती. पण चिडचिड, विसराळूपणा, पोटात कळा आणि त्यात जुना रंग घासायचं काम, म्हणजे आधी शिशाचा संशय घ्यायचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ नाकातून जाते, हाताला लागलेली तोंडात जाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि मेंदूतल्या पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप बिघडतात.

१९२०च्या दशकात न्यू जर्सीत पेट्रोलमध्ये घालायचं शिसं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगारांना शिशाच्या बाधेनं किडे दिसल्याचा भास व्हायचा आणि ते हातानं झटकायचे. त्या इमारतीला 'फुलपाखरांचं घर' असंच नाव पडलं होतं. तुमच्या घरी गोष्ट इतकी टोकाला गेलेली नाही.

माझी चूकही सांगतो. एका रुग्णाला मी दोन महिने झोपेच्या गोळ्या देत राहिलो. एकदा सही करताना त्याचं मनगट लुळं पडलेलं दिसलं, तेव्हा कुठे विचारलं, "काम काय करता?" तो जुन्या बॅटऱ्या फोडायचा.

तेव्हा रक्तातलं शिसं तपासून घ्या. नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. डॉक्टरांना २२ वर्षांचं काम सांगा, कारण रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात मुरलेलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. अहवाल येईपर्यंत खरवडणं बंद. शिसं उतरवायची औषधं असतात, पण ती सरसकट देत नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. आकडा साधा निघाला तर मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा.

कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. मुलीचं रक्तही त्याच दिवशी तपासा, लहान मेंदूला थोडं शिसंही पुरतं. आणि पेन मागण्यात तिची काही चूक नव्हती, हे तिला आजच सांगा.