भावाच्या कर्जापोटी जप्त झालेल्या जमिनीत माझा निम्मा हिस्सा आहे. तो न्यायालयात कसा सिद्ध करावा?

वडिलांच्या पश्चात सातबारा थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर लागला, पुढे त्याच्याविरुद्धच्या डिक्रीच्या (न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या) दरखास्तीत, म्हणजे तिच्या अंमलबजावणीच्या अर्जात, तो संपूर्ण गट जप्त झाला आणि त्यातली निम्मी जमीन मात्र आपण कसत आहात, असे आपण लिहिले आहे. मी दिवाणी वकिली करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणे नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. मात्र ती खोटी ठरवण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. त्यासाठी प्रथम तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून वडिलांच्या वारस नोंदीच्या फेरफाराची आणि त्या काळच्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढावी. जुन्या उताऱ्यांवर थोरल्याच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले पुष्कळदा सापडते. ती तीन अक्षरे मिळाली तर जमीन कुटुंबाची होती, भावाची एकट्याची नव्हती, हे सांगायला भक्कम आधार मिळतो. त्याच्या जोडीला वडिलांकडे जमीन कशी आली हे दाखवणारे खरेदीखत किंवा त्याआधीचे फेरफार हवेत.

तोंडी वाटणी झाली असेल तर ती कायद्याला मान्य आहे, पण तिला वहिवाटीचा पुरावा लागतो: पीक पाहणीतील नाव, आपल्या नावाचे विहिरीचे वीजबिल, आपण घेतलेले पीक कर्ज. यातले जे कागद भावाच्या कर्जापूर्वीचे असतील त्यांनाच खरे वजन असते. आता घाईने वाटणीपत्र लिहून घेऊ नका. जप्तीनंतरचा असा कागद धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, वकील पहिल्याच उलटतपासणीत फाडून टाकतो.

हरकत अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली, ज्या न्यायालयात दरखास्त चालू आहे तिथेच द्यायचा आणि सोबत लिलावाला स्थगिती मागायची. 1976 च्या दुरुस्तीनंतर हक्काचा प्रश्न याच अर्जात निकाली निघतो आणि त्या आदेशाला डिक्रीचे बळ असते, म्हणून त्यावर अपील होते. पण जमीन आधीच विकली गेली असेल किंवा आपण मुद्दाम वेळ काढला असे न्यायालयाला वाटले, तर अर्ज दाखलच करून घेतला जात नाही आणि मग स्वतंत्र दाव्याचा लांबचा रस्ता उरतो.

मागणी आपल्या निम्म्या हिश्शापुरतीच ठेवावी, कारण भावाचा हिस्सा विकला जाणारच. ते कर्ज भावाने कुटुंबाचा कर्ता म्हणून घराच्या गरजेसाठी काढले होते असे धनकोने सिद्ध केले, तर आपला हिस्साही अडकू शकतो. म्हणून पैसे कुठे गेले याची माहिती आधीच काढून ठेवा. वसुली न्यायालयाची नसून पतसंस्थेची असेल, तर हरकत महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, 1961 च्या नियम 107 खाली वसुली अधिकाऱ्याकडे द्यावी लागते.